लाल दिव्याची कोठडी

हळदीचा डाग धुवून जात नाहीं, उन्हानें जातो, ही गोष्ट आपल्या घरांतील स्त्रियांना रसायनशास्त्र शिकल्यावांचून ठाऊक आहे. लग्नाच्या हळदींत पिवळें झालेलें धोतर साबणानें चोळलें तर डाग उलट लालसर होतो. पण तेंच धोतर अंगणांतल्या दोरीवर कडक उन्हांत टाकलें कीं पिवळेपणा हळूहळू विरत जातो. चुलीजवळच्या दांडीवर तें कितीहि दिवस वाळत घातलें तरी डाग जागच्या जागीं राहतो. तेव्हां हें काम उन्हांतल्या उष्णतेचें नव्हे, उन्हांतल्या उजेडाचें. श्रोतेहो, उजेड वस्तु केवळ दाखवीत नाहीं, तो वस्तु बदलतोहि. आणि हें बदलणें सरसकट नसून फार निवडक असतें. ह्या निवडकपणाचा आपल्या महाराष्ट्रांतील इतिहास आज सांगावयाचा आहे. तो महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपेक्षां फोटोग्राफरांच्या आणि छापखान्यांच्या अंधाऱ्या कोठड्यांत अधिक घडला, असें माझें मत आहे. रसायनाच्या क्रमिक पुस्तकांत तो फारसा सांपडत नाहीं, त्याचें कारणहि बहुधा हेंच असावें.

उष्णता आणि उजेड ह्यांतला भेद प्रयोगानें ज्यानें दाखविला तो योहान हाइनरिश शुल्त्से नांवाचा जर्मन विद्वान. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यानें खडूच्या पुडींत नत्राम्ल मिसळलें. त्या आम्लांत थोडी चांदी विरघळलेली होती. खिडकीजवळ ठेवलेल्या ह्या मिश्रणाची उन्हाकडील बाजू काळी पडली, मागील बाजू पांढरीच राहिली. तेंच मिश्रण त्यानें विस्तवाजवळ तापवून पाहिलें. तें काळें पडलें नाहीं. पुढें १७७७ सालीं स्वीडनमधील शेले ह्या औषधविक्रेत्यानें लोलकांतून उन्हाचे रंग वेगळे केले आणि चांदीच्या क्षारावर एकेक रंग पाडून पाहिला. जांभळ्या रंगाखालीं क्षार झपाट्यानें काळवंडला. तांबड्याखालीं जवळजवळ तसाच राहिला. शाळेंत हा प्रयोग मीं अनेक वर्षें करून दाखविला. मिठाच्या पाण्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले कीं दह्यासारखा पांढरा सांका बसतो. तो खिडकींत ठेवला म्हणजे पाहतां पाहतां जांभळा होतो, आणि मग मागच्या बाकांवरचीं मुलेंहि उठून उभीं राहतात. लाल कांचेआड ठेवलेली नळी मात्र पांढरीच राहते. "गुरुजी, उजेड तर दोन्हींकडे आहे!" असा प्रश्न हटकून येतो. त्याचें खरें उत्तर जगाला मिळावयास शेलेनंतर सव्वाशें वर्षें लागलीं.

उत्तर हातीं येण्याच्या आधींच जगानें त्या क्रियेचा उपयोग करून घेतला. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेरच्या चित्रांची वार्ता जाहीर झाली. अवघ्या पंधरा वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील मंडळें तिच्या मागाहूनचीं. तिच्या पहिल्या पिढीच्या सभासदांत गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हेहि होते. दोघेहि ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले. भाऊ दाजींची कीर्ति प्राचीन लेखांच्या संशोधनामुळें आणि कुष्ठरोगावरील औषधाच्या शोधामुळें आपणांस ठाऊक असते; नारायण दाजींचें नांव मात्र मागें पडलें. वैद्यकी करून ज्यानें कॅमेरा हातीं धरला असा हा मराठी गृहस्थ. डॉक्टरानेंच त्या काळीं ह्या नादास लागावें ह्यांत नवल नाहीं. फोटो काढणें हें तेव्हां निम्में औषधें कालवण्याचेंच काम होतें.

तें काम कसें होतें तें जरा सविस्तर सांगतों, कारण त्यांत आमच्या यवतमाळकरांच्या ओळखीची एक वस्तु आहे. ज्या कापसावर आमचा जिल्हा जगतो, त्याच कापसाला नत्राम्ल आणि गंधकाम्ल ह्यांच्या मिश्रणांत मुरवलें म्हणजे त्याचा स्फोटक कापूस होतो. तो ईथर आणि अल्कोहोल ह्यांत विरघळवला कीं मधासारखा पातळ चिकट पदार्थ मिळतो. त्याला कलोडियन म्हणत. १८५१ सालीं आर्चर नांवाच्या इंग्रजानें ह्या कलोडियनमध्यें आयोडाइड क्षार मिसळून तें कांचेवर ओतलें, ती कांच चांदीच्या पाण्यांत बुडविली, आणि ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घातली. चित्र घेतल्यावर लगेच हिराकसाच्या पाण्यानें तें उघड करावयाचें. कांच वाळली कीं खेळ संपला. विलायतेंत ह्या सगळ्याला दहापंधरा मिनिटें मिळत. वैशाखांतल्या वऱ्हाडच्या हवेंत ईथर बाटलीचें बूच काढतांच उडूं लागे. म्हणून फोटोग्राफर गांवोगांव जाई तेव्हां त्याच्याबरोबर काळा तंबू, बाटल्यांची पेटी आणि पाण्याच्या पखाली असा लवाजमा चाले. तंबूच्या आंत उजेड येई तो पिवळ्या कापडांतून किंवा पिवळ्या कांचेंतून. पिवळ्या उजेडांत कारागिराला हात दिसे, पण कांचेला कांहींच दिसत नसे.

येथें थांबून एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. कांचेला पिवळें दिसत नसे, हा कारागिराच्या सोयीचा गुण होता. परंतु कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाच्या बाबतींत तोच गुण दोष ठरत असे. ओल्या कांचेवरील चांदीचा क्षार निळ्या व जांभळ्या किरणांनींच बदलतो. त्यामुळें निळें आकाश पांढरेंफटक उतरे; ढग नाहीसे होत. पिवळा पीतांबर काळसर येई. कपाळावरचें कुंकू काळें डांबरासारखें दिसे. आणि आपल्या लोकांची गव्हाळ किंवा सांवळी कांति, जिच्यांतून परत येणाऱ्या उजेडांत पिवळा व तांबडा भाग अधिक आणि निळा कमी असतो, ती प्रत्यक्षाहून पुष्कळच काळी उमटे. १८६८ ते १८७५ ह्या काळांत 'द पीपल ऑफ इंडिया' नांवाचे आठ खंड लंडनमध्यें निघाले. हिंदुस्थानांतील जातीजमातींचीं छायाचित्रें त्यांत आहेत, आणि तीं पाहून परदेशस्थ वाचकांनीं आपल्या पूर्वजांच्या रूपाविषयीं मतें बनविलीं. कॅमेरा खोटें बोलत नाहीं, असें तेव्हां मोठ्या विश्वासानें म्हटलें जाई. तो खोटें बोलत नव्हता हें खरें. पण त्याची साक्ष डोळ्याची नव्हती, चांदीच्या आयोडाइडाची होती. घरांत पणजोबांचा किंवा खापरपणजीचा तसा जुना फोटो असेल आणि मुलें विचारतील कीं ही इतकी काळी कशी, तर त्यांना हें अवश्य सांगावें. जुनीं चित्रें पाहून वस्त्रांच्या रंगांचा इतिहास लिहिणाऱ्यांनींहि हें विसरूं नये.

क्षाराला पिवळें कां दिसत नाहीं? ग्रोटहुस ह्या शास्त्रज्ञानें १८१७ च्या सुमारास आणि त्यानंतर अमेरिकेंत ड्रेपर ह्यानें १८४० नंतरच्या वर्षांत एक साधा नियम सांगितला होता: पदार्थ जो उजेड शोषून घेतो तोच त्याला बदलूं शकतो, जो नुसता आरपार जातो किंवा परत फिरतो, त्याचा कांहीं परिणाम नाहीं. आतां हळदीकडे पुन्हां पाहा. हळदीचा रंग ज्या रेणूमुळें आहे, तो निळा-जांभळा उजेड शोषतो, म्हणूनच उरलेला उजेड आपणांस पिवळा दिसतो. आणि शोषलेल्या त्याच निळ्या-जांभळ्या उजेडानें तो रेणु मोडतो. ज्या कारणानें हळद पिवळी, त्याच कारणानें ती उन्हांत विटते! १८७३ सालीं बर्लिनच्या फोगेलनें ह्या नियमाचा मोठा चतुर उपयोग केला. चांदीच्या क्षाराला पिवळें-हिरवें शोषतां येत नसेल, तर तें शोषणारा रंग त्याच्या अंगाला लावावा. त्यानें कांचेच्या लेपांत थोडा रंग मिसळला, आणि क्षाराला जे किरण दिसत नव्हते ते दिसूं लागले. रंगाच्या रेणूनें उजेड घ्यावा आणि काम चांदीकडून करून घ्यावें, असा हा प्रकार. कापड रंगविण्याच्या द्रव्यांनीं कॅमेऱ्याला दृष्टि दिली.

चांदी महाग. सरकारला मात्र हजारों नकाशे हवे होते, आणि ते स्वस्तांत. त्यासाठीं उजेडानें बदलणारा दुसरा एक पदार्थ कामीं आला: पोटॅशियम बायक्रोमेट, नारिंगी रंगाचा खडा. १८३९ सालीं पाँटन ह्या स्कॉच गृहस्थास आढळलें कीं बायक्रोमेट लावलेला कागद उन्हांत तपकिरी पडतो. पुढें टॉलबटला असें दिसलें कीं जिलेटिनमध्यें तें मिसळून उन्हांत धरलें तर जिलेटिन पाण्यांत विरघळेनासें होतें. उजेडानें क्रोमियमचें रूप पालटतें, आणि पालटलेलें क्रोमियम जिलेटिनच्या लांबच लांब रेणूंना एकमेकांशीं टांचून टाकतें; गोधडीला टांके घालावे तसें. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या मोजणी खात्याचे सर हेन्री जेम्स ह्यांनीं ह्याच युक्तीवर नकाशे छापण्याची रीत बसविली. मूळ नकाशाचा फोटो घेऊन त्याची उलटी कांच बायक्रोमेट-जिलेटिनच्या कागदावर ठेवावयाची आणि उन्हांत धरावयाची. रेषांच्या जागीं उजेड पोंचून जिलेटिन घट्ट होतें. बाकीचें धुवून जातें. घट्ट रेषा तेलकट शाई धरून ठेवतात, ती जस्ताच्या पत्र्यावर उतरवितात, आणि पत्र्यावरून पाहिजे तितक्या प्रती काढतात. जस्त म्हणजे झिंक, म्हणून ह्या रीतीस फोटोझिंकोग्राफी हें नांव पडलें.

पुण्याचा सरकारी फोटोझिंको छापखाना ह्याच विद्येचा. मुंबई इलाख्यांतील गांवांचे नकाशे तेथें ह्या रीतीनें छापले जात. आमच्या वऱ्हाडांतली जमीनमोजणीहि मुंबई इलाख्याच्याच पद्धतीनें झाली. आमच्या जिल्ह्याचें नांव तेव्हां यवतमाळ नव्हतें, १९०५ पर्यंत तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. सर्व्हे नंबर, बांध, नाले, गांवठाण हें सारें ज्या कागदावर असतें, त्या कागदाच्या आधारें भावाभावांचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टांत लढले गेले आहेत. बांध कोठें आहे हें सांगणारी ती बारीक काळी रेष अशा छापील नकाशांत म्हणजे दुसरें कांहीं नसून, एके दिवशीं पुण्याच्या उन्हांत जिलेटिनचे कांहीं रेणु एकमेकांना टांचले गेले त्याची खूण होय. मोजणीदाराची साखळी आणि शंकुयंत्र ह्यांविषयीं आपण ऐकतों. ज्यानें उन्हाचा अंदाज घेऊन चौकट नेमकी केव्हां उचलावी हें ठरविलें, त्या कारागिराचें नांव कोठेंहि नसतें. पावसाळ्यांत ढगाळ दिवशीं हें अवघड. थोडा वेळ कमी पडला तर रेष धुवून जाई. जास्त झाला तर कागद भरून काळा होई.

ह्याच बायक्रोमेटच्या विद्येंतून आपला एक थोर माणूस पुढें आला. धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईचें जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचें कलाभवन ह्यांत ते शिकले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्री. तीन रंगी ठसे करण्याची कला शिकण्यासाठीं त्यांनींच फाळक्यांना रतलामला पाठविलें. पुराणवस्तु खात्यांत फोटोग्राफर म्हणून केलेली नोकरी त्यांनीं स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडली आणि लोणावळ्यास स्वतःचा ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशीं त्यांचा संबंध आला तो ह्याच कामानें. दादासाहेब फाळके म्हटलें कीं आपल्याला चित्रपट आठवतो. परंतु चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं उजेडाच्या रसायनांत त्यांची दोन तपांच्या आसपास उमेदवारी झालेली होती, हें आपण ध्यानांत घेत नाहीं. भांडवल, कॅमेरा आणि नट नंतर मिळाले. हात आधींच तयार होता.

चित्रपटासाठीं पैसा उभा करावयाचा म्हणून त्यांनीं एक लहानसा प्रयोग केला. कुंडींत वाटाणा पेरून, त्याच्या वाढीचें रोज थोडें थोडें चित्रण करून, रोपटें मिनिटाभरांत उगवतांना दाखविलें. त्या रोपाचा शेंडा उजेडाकडे वळतो तोहि निळ्या किरणांनींच. पेशींतील एक विशिष्ट रेणु ते किरण शोषतो आणि शेंड्याची एक बाजू दुसरीहून अधिक वाढते. म्हणजे फिल्मवरची चांदी आणि कुंडींतला अंकुर दोघेहि निळ्याच उजेडाला साद देत होते. फाळक्यांना हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, पण योगायोग गोड आहे.

१९१२ मध्यें लंडनहून यंत्रसामग्री आणून त्यांनीं दादरला काम मांडलें आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. चित्रण दिवसा उन्हांत चाले. बाकीचें रात्रीं, आणि तें घरांतच. कोऱ्या फिल्मच्या दोन्ही कडांना भोंकें पाडावीं लागत. हें काम सरस्वतीबाई फाळके करीत. फिल्म धुणें, रसायनें कालविणें ह्यांतहि त्यांचा हात होता. शिवाय चित्रपटासाठीं राबणाऱ्या माणसांचा स्वयंपाक होताच. त्या काळची फिल्म तांबड्याला आंधळी होती. म्हणून कोठडींत तांबड्या कांचेचा दिवा चाले, आणि म्हणूनच पडद्यावर अण्णा साळुंक्यांनीं रंगविलेल्या तारामतीचें कुंकूहि, रंग लालच असला तरी, काळेंच दिसावयाचें. पुढें सर्व रंग पाहणारी फिल्म आली तेव्हां तिच्यासाठीं तांबडा दिवाहि बंद झाला. धुलाई मिट्ट काळोखांत हातांच्या अंदाजानें करावी लागूं लागली. तांबडा दिवा उरला तो कागदावर प्रती काढणाऱ्या फोटो-स्टुडिओंत. तेथें तो डिजिटल कॅमेरे येईपर्यंत जळत होता. यवतमाळच्या बाजारांतल्या अशा एका कोठडींत मीं स्वतः उभा राहून पाहिलें आहे: बशींतला कोरा कागद हलवीत असतां त्यावर प्रथम केस, मग डोळे, मग सारा चेहरा वर येतो.

आतां त्या मुलांच्या प्रश्नाचें उत्तर. उजेड दोन्हींकडे असतां लाल कांचेमागें कांहींच कां होत नाहीं? १९०० सालीं प्लांकनें आणि १९०५ सालीं आइन्स्टाइननें असें मांडलें कीं उजेडाची ऊर्जा अखंड धारेसारखी नसून पुंजांनीं, म्हणजे ठराविक पुडक्यांनीं येते. जांभळ्या उजेडाचा एक पुंज गडद तांबड्याच्या एका पुंजाच्या सुमारें पावणेदोनपट मोठा. पूर्वीं रेल्वे स्टेशनांवर वजनाचें यंत्र असे, तें आठवा. त्याला रुपयाचेंच नाणें लागे. चार आण्यांचीं कितीहि नाणीं टाकलीं तरी कांटा हलत नसे, कारण यंत्र नाणीं बेरीज करून घेत नाहीं. चांदीच्या क्षाराचें असेंच आहे. त्याला हलविण्यास जेवढी ऊर्जा हवी तेवढी एका पुंजांत असली पाहिजे. लाल दिवा कितीहि तेज केला तरी पुंजांची संख्या वाढते, पुंज मोठा होत नाहीं. १९१२ च्या सुमारास आइन्स्टाइननें हेंच रसायनाला लावून दाखविलें: एक पुंज शोषला म्हणजे एक रेणु चाळवतो. लाल दिव्याच्या कोठडींत बसून नारायण दाजींच्या मागून आलेल्या तीन पिढ्यांचे कारागीर रोज ह्या सिद्धान्तावर विसंबून होते. त्यांतले पहिले तर तो जन्मण्याच्याहि आधींपासून.

फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांत नेमकें काय घडतें हें १९३८ मध्यें गर्नी आणि मॉट ह्यांनीं उकललें. पुंज शोषला जातांच एक इलेक्ट्रॉन सुटतो, स्फटिकांतील एखाद्या खोबणींत अडकतो, आणि चांदीच्या आयनाला ओढून घेऊन तिचा अणु बनवितो. असे चारपांच अणु एका जागीं जमले कीं पुरे. मग हिराकसासारखें रसायन अब्जावधि अणूंचा तो अख्खा स्फटिक चांदीचा करून टाकतें. आपल्याकडे अलाहाबादेस नीलरत्न धर ह्यांनीं उजेडाच्या रसायनाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि मग हा विषय हिंदी विद्यापीठांत रुजला.

लाल दिव्याच्या जोडीला एका निळ्या दिव्याची हकीकत सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं, कारण तो आज आपल्या घरांशीं अधिक निगडित आहे. पुष्कळ नवजात बालकांना कावीळ होते. रक्तांतील बिलिरुबिन नांवाचा पिवळा रेणु साठत जातो, आणि फार वाढला तर मेंदूला कायमची इजा करतो. १९५६ सालीं इंग्लंडमध्यें रॉचफर्डच्या रुग्णालयांत वॉर्ड नांवाच्या परिचारिका बालकांना अंगणांत उन्हांत नेत असत. एका बाळाच्या अंगावरची दुलई ज्या भागावर होती तेवढाच भाग पिवळा राहिला, बाकीचें अंग उजळलें, हें त्यांनीं डॉक्टरांना दाखविलें. त्याच सुमारास खिडकींत विसरलेल्या रक्ताच्या नळींतील बिलिरुबिनहि उतरलेलें आढळलें. शुल्त्सेची खिडकी आणि ही खिडकी एकच! १९५८ मध्यें तेथल्या डॉक्टरांनीं दिव्यांचा उपचार प्रसिद्ध केला. बिलिरुबिन पिवळें, म्हणून तें निळा उजेड शोषतें. शोषतांच त्या रेणूची एक सांधणी पीळ खाते, आणि नव्या आकारांतला रेणु यकृतांतली नेहमींची रासायनिक प्रक्रिया न होतांहि शरीराबाहेर जाऊं शकतो. हळदीच्या डागासारखाच हा प्रकार, फरक इतकाच कीं येथें रेणु मोडण्यापेक्षां वळतो अधिक. मात्र घरच्या कोवळ्या उन्हावर ह्या बाबतींत भिस्त ठेवूं नये. बाळ पिवळें दिसलें कीं डॉक्टरांना दाखवावें, कारण उजेड किती आणि कोणता पोंचला ह्याचें माप अंगणांत राहत नाहीं.

आपल्याकडील नवजात अर्भकांच्या विभागांत असे निळे दिवे आज सर्रास दिसतात. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते, अंग उघडें असतें. बाहेर कांचेला नाक लावून उभ्या असलेल्या आजीला पुष्कळदा वाटतें कीं बाळाला ऊब मिळावी म्हणून दिवा लावला आहे. ऊब द्यावयाची सोय तेथें वेगळी असते. त्या दिव्याकडे काम एवढेंच कीं बिलिरुबिनला जो पुंज लागतो तो पुरवावा. त्याच्या जागीं दहापट तेजाचा लाल दिवा टांगला तर बाळ पिवळेंच राहील.